पंगतीतून उठवलेली बहीण मुलीला सांगायची की नाही?

वाचक ताईंचं पत्र, नाव-गाव काढून थोडक्यात: मी 36 वर्षांची, नोकरी करते. घरी नवरा, सासूबाई आणि दुसरीतली लेक. श्रावणात दर शुक्रवारी सासूबाई जिवतीची पूजा करून कहाणी वाचतात, लेक शेजारी बसून ऐकते. त्यात श्रीमंत भाऊ सहस्रभोजन घालतो, गरीब बहिणीला बोलवत नाही, ती मुलांना घेऊन आपणहून जाते तर तिला पंगतीतून उठवतो. मला हे ऐकवत नाही. म्हणून रात्री झोपताना मी माझं व्हर्जन सांगते, त्यात भाऊ धावत येतो, सॉरी म्हणतो, बहिणीला शेजारी बसवतो, सगळे वाटून खातात. गेल्या शुक्रवारी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर लेक म्हणाली, आजी तू चुकीची गोष्ट वाचतेयस. सासूबाईंचा चेहराच पडला. आता म्हणतायत, कहाणी बदलायची नसते, तुम्हाला नको असेल तर मी वाचतच नाही. नवरा म्हणतो गोष्टच आहे ना, सोडून द्या. त्यात शाळेतून सूचना आलीये की डबा शेअर करायचा नाही. खरी कहाणी कुठली मानायची? आणि मी बदलली ते चुकलं का? (परवा लेकीने विचारलं की कामाच्या मावशींचा कप वेगळा का आहे. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.)

ताई,

खरी कहाणी कुठली हे तुम्ही पत्रात दोन-तीनदा विचारलंय म्हणून आधी तेच घेते. शोधत बसू नका, सापडणार नाही. सासूबाईंच्या हातात जी पोथी आहे ती छापलेली आहे, छापखाने यायच्या आधी ही कहाणी बायका एकमेकींना तोंडी सांगायच्या, आणि तोंडी सांगितलेलं कधी दोनदा सारखं येतं का? तुमच्या माहेरची आणि सासरची कहाणी शेजारी ठेवून बघा, कुठे दागिन्यांची नावं वेगळी, कुठे भाऊ दोनदा बोलतो कुठे तीनदा, कुठे मुलंच आईच्या मागे लागतात की मामाकडे जेवायला जाऊ.

आणि ही गोष्ट नुसती आपलीसुद्धा नाहीये, हे मला फार आवडतं म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्या कहाणीचा शेवट आठवा. देवीच्या कृपेने बहिणीची परिस्थिती सुधारते, मग तोच भाऊ तिला मानाने जेवायला बोलावतो. ती शालू नेसून, दागिने घालून जाते, पाटावर बसते, अंगावरचं सगळं काढून पाटावर मांडते आणि भाताचा घास उचलून सरीवर ठेवते, भाजी ठुशीवर, लाडू चिंचपेटीवर. भाऊ विचारतो ताई हे काय करतेस, तर ती म्हणते, तू ज्यांना बोलावलंस त्यांनाच वाढतेय, माझं जेवण त्या सहस्रभोजनाच्या दिवशीच झालं. (माझं मत विचाराल तर हा सीन कुठल्याही सिरियलवाल्याला जमलेला नाही.)

आता तुर्कस्तानात जा. तिथे हाच किस्सा नसरुद्दीन होजाचा आहे. साध्या कपड्यात मेजवानीला गेला तर कोणी ढुंकून बघितलं नाही, घरी जाऊन फरचा भारी कोट घालून आला तर एकदम वरची जागा मिळाली, मग हा कोटाची बाही जेवणात बुडवून म्हणतो, खा माझ्या कोटा, खा. सिसिलीत तो जुफा नावाच्या वेंधळ्या पोराचा होतो, जुझेप्पे पित्रे या डॉक्टरने 1875 मध्ये छापलेल्या लोककथांच्या संग्रहात तो आहे. इटलीतच जुना सेर्काम्बी नावाचा लेखक तो चक्क महाकवी दांतेच्या नावावर सांगतो, नेपल्सच्या राजाच्या दरबारात दांते अंगावरच्या कपड्यांना जेवण फासतो. बांगलादेशातल्या शाळकरी मुलांना विचारा, ती सांगतील हे फारसी कवी शेख सादीचं आहे, त्याने खाणं खिशात भरलं. लोककथांचे अभ्यासक सगळ्या जगातल्या कथांना नंबर देतात ना, त्यात या कथेचा नंबर 1558. नसरुद्दीनच्या गोष्टी सांगायच्या परंपरेला तर 2022 मध्ये सात देशांनी मिळून युनेस्कोच्या यादीत नेलं, म्हणजे एकट्या कोणाच्या मालकीची ती नाहीच.

पण बघा काय बदललं. तिकडे सगळीकडे अपमान होतो तो एका पुरुषाचा, परक्याच्या घरी, आणि तासाभरात कपडे बदलून तो परत येतो, लोक हसतात, गोष्ट संपते. विनोद आहे तो. आपल्याकडे आल्यावर (किंवा आपल्याकडून गेल्यावर, कोण सांगणार) तो परका माणूस बहीण झाला, यजमान सख्खा भाऊ झाला, तिच्यासोबत भुकेली पोरं आली, आणि कपडे बदलायला तासाऐवजी अख्खं व्रत लागलं. कारण ही कहाणी बायका बायकांना सांगत होत्या आणि त्यांच्यासाठी सगळ्यात मोठं दार होतं माहेरचं. ते बंद झालं की जायचं कुठे? त्यामुळे विनोदाचं दुखणं झालं. आणि शेवटही वेगळा, बाकीचे यजमान खजील होतात नाहीतर हसतात, इथे भाऊ पाया पडतो आणि बहीण माफ करून जेवते.

म्हणून सासूबाई जे म्हणतात की कहाणी बदलायची नसते ते खरं नाही. ती बदलत बदलतच त्यांच्यापर्यंत आलीये. तिच्याभोवतीचा वसाही बदललाय, एकेकाळी शुक्रवारी सवाष्णच हवी असायची, आता कित्येक घरांत नवरा गेलेल्या बाईला मुद्दाम बोलावून हळदीकुंकू लावतात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने तर 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठरावच केला.

इथपर्यंत तुम्हाला वाटत असेल की मी तुमच्या बाजूने आहे. पूर्ण नाही.

तुम्ही बदल केला याला माझी हरकत नाही, तुम्ही नेमकं काय काढलंत याला आहे. तुम्ही पंगतीतून उठवणं काढून टाकलंत. भाऊ धावत आला, सॉरी म्हणाला, सगळ्यांनी वाटून खाल्लं. अहो पण सॉरी कशाबद्दल? त्याने काही केलंच नाही तुमच्या गोष्टीत! मग बहीण दागिन्यांना घास भरवणार कशाला, आणि तो सीन गेला की कहाणीत उरलं काय, एक फॅमिली गेट-टुगेदर. वाटून खाणं चांगलं असतं हे तुमच्या लेकीला बालवाडीतच कळलंय. ताटावरून उठवलं जाणं म्हणजे काय हे मात्र तिला कहाणी सांगत होती, आणि तेही आजीच्या शेजारी सुरक्षित बसलेली असताना.

हे असं गोडगोड करणं तुम्ही एकट्या करताय असंही नाही, आपल्या सगळ्या पिढीला ती खोड लागलीये. सुदाम्याचं बघा. भागवताच्या दहाव्या स्कंधात त्या गरीब ब्राह्मणाचं सुदामा हे नावसुद्धा नाही (केरळात त्याला कुचेला म्हणतात, गुरुवायूरला त्याच्या नावाच्या दिवशी पोह्यांचा नैवेद्य असतो). बायकोने शेजारपाजारून मागून आणलेले चार मुठी पोहे, कृष्णाने एक मूठ खाल्ली, दुसरी घेताना लक्ष्मीने हात धरला, एवढंच. लहानपणी दोघं जंगलात वादळात अडकले हेही आहे, पण चणे नाहीत. चणे दिसतात 16 व्या शतकातल्या नरोत्तमदासांच्या ब्रजभाषेतल्या काव्यात, तिथे कृष्ण चिडवतो की गुरुमातेने दिलेले चणे तेव्हाही एकट्याने खाल्लेस, आणि आताही पुरचुंडी काखेत लपवतोयस. किती मस्त आहे ते, दोन म्हातारे होत आलेले मित्र आणि चण्यांवरून टोमणे. मग लोकांनी जोडून टाकलं की मित्राचा वाटा खाल्ला म्हणून सुदामा दरिद्री झाला. आणि आता व्हॉट्सॲपवर काय फिरतं? की ते चणे शापित होते, जो खाईल तो दरिद्री होईल, म्हणून सुदाम्याने कृष्णाला वाचवायला ते मुद्दाम स्वतः खाल्ले. घ्या! भुकेला मुलगा भुकेपोटी मित्राचे चार चणे खाऊन गेला हे आपल्याला सहन होईना म्हणून त्याला हुतात्मा करून टाकला. तुमच्या लेकीला यातला कुठला सुदामा जास्त ओळखीचा वाटेल? डब्यातला शेवटचा लाडू लपवून खाणारा, मला तर वाटतं.

तुमच्या पत्रात अजून एक गोष्ट गृहीत धरलीये, की गोष्टीत जे घडतं ते मूल तसंच्या तसं उचलतं. भावाने हाकललं ऐकलं तर हाकलायला शिकेल. गंमत म्हणजे ही भीती फार जुनी आहे. मुंगी आणि नाकतोड्याची गोष्ट घ्या, फ्रान्समध्ये ला फोंतेन या कवीने ती 1668 मध्ये कवितेत आणली, तिथे नाकतोड्याच्या जागी सिकाडा नावाचा गाणारा किडा आहे. उन्हाळाभर गात बसला, थंडीत मुंगीकडे खायला मागायला गेला तर ती म्हणते गात होतास ना, मग आता नाच. 1762 मध्ये रूसो या विचारवंताने लिहिलं की तुम्हाला वाटतं मुलं त्या गाणाऱ्याकडून धडा घेतील, पण मुलं मुंगीची बाजू घेतात आणि नाही म्हणताना वर चेष्टाही करायला शिकतात. आणि त्याच्याही आधी, 1593 मध्ये जपानात जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी इसापच्या गोष्टी जपानी भाषेत छापल्या, तिथे मुंग्या आधी हसतात आणि मग थोडं खायला देऊन त्याला परत पाठवतात. 1934 च्या डिस्नेच्या कार्टूनमध्ये तर मंदीच्या दिवसांत त्याला आतच घेतात, फक्त सारंगी वाजवून दाखवावी लागते. प्रत्येकाने आपल्याला झेपेल तेवढं दार उघडलं.

रूसोची भीती खोटी नाही, मुलं खरंच कधीकधी चुकीच्या माणसाची बाजू घेतात. पण तुमच्या लेकीने घेतली का? तुम्हीच कंसात लिहिलंय की तिने मावशींच्या कपाबद्दल विचारलं. ताई, तुमचं खरं पत्र त्या कंसात आहे असं मला वाटतं. तीन-चार श्रावण आजीच्या तोंडून भावाने बहिणीला वस्त्र नाही पात्र नाही म्हणून उठवल्याचं ऐकलं आणि आपल्याच ओट्यावरचा वेगळा कप तिला दिसला. तुमची गोडवाली गोष्ट ऐकून हा प्रश्न आला नसता. सासूबाईंच्या कहाणीने तिचं काम चोख केलंय, फक्त त्याचं उत्तर द्यायची वेळ तुमच्यावर आली आणि तुम्ही दोघी कहाणी कोणाची खरी यावर भांडत बसलात.

आता काय करायचं ते सांगते, जमेल ते घ्या.

सासूबाईंपासून सुरुवात करा. त्यांना दुखावलं ते व्हर्जनमुळे कमी आणि चार बायकांसमोर नातीने चूक काढली म्हणून जास्त. त्यामुळे कहाणीवर वाद न घालता सरळ म्हणा, आई, तुमच्यासमोर तिने तसं बोलायला नको होतं, मी तिला सांगितलंय की आजीची कहाणी आजीची असते. आणि खरंच सांगा लेकीला, की चुकीची गोष्ट असं काही नसतं, आजीने तिच्या आईकडून अशी ऐकली, आई थोडी वेगळी सांगते. सात-आठ वर्षांच्या मुलांना हे छान कळतं. शुक्रवारची कहाणी पोथीतली, सासूबाईंच्या आवाजात, काना-मात्रा न बदलता. तो त्यांचा वसा आहे, त्यात आपण हात घालू नये. नवऱ्यालाही सांगा की "गोष्टच आहे" म्हणून उठून न जाता शुक्रवारी जरा बसा, भावाची गोष्ट आहे, भावांनी ऐकायला हरकत नाही.

रात्रीची वेळ तुमची. तिथे बदला, खुशाल बदला, पण काढू नका, भर घाला. मला कायम एक प्रश्न पडतो, त्या सहस्रभोजनात हजार माणसं जेवत होती ना, बहिणीला हात धरून उठवलं तेव्हा ती सगळी काय करत होती? कहाणीत एकही जण बोलत नाही. लेकीला विचारा, तू त्या पंगतीत असतीस तर? शेजारच्या पाटावरची बाई सरकून म्हणाली असती का की बस गं माझ्या पाटावर? तिची मुलं मामाला काय म्हणाली असतील? बहिणीने माफ करायला हवं होतं का, की आधी सगळ्या गावासमोर भावाने बोलायला हवं होतं? तिला उत्तरं रचू दे, दर रात्री वेगळी रचली तरी चालेल, आणि ती म्हणाली की मी तर गपचूप लाडू खात बसले असते तर रागावू नका, तेही खरं उत्तर आहे. मग एखाद्या दिवशी नसरुद्दीनचा कोट सांगा, पोट धरून हसेल, आणि स्वतःच म्हणेल की ही तर आजीची गोष्ट. ते तिने आजीला जाऊन सांगितलं की तुमचं अर्धं भांडण मिटलंच समजा.

शाळेच्या डब्याचं फार मनाला लावून घेऊ नका. तो नियम ॲलर्जी, कोणाच्या घरी काय चालतं काय नाही, कोणाचा डबा दुसराच संपवतो, अशा कारणांनी असतो. लेकीला हे कारण सांगून टाका, नाहीतर तिला वाटेल वाटून खाणं हाच गुन्हा आहे. वाटून खायची हौस शाळेबाहेर भागवा, गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी चार मैत्रिणींना बोलावून प्रत्येकीच्या घरून काहीतरी आणायला सांगा आणि सगळं एकत्र कालवा, गोपाळकाला आहेच त्यासाठी. आधी त्यांच्या आयांना फोन करून ॲलर्जी तेवढी विचारून घ्या.

आता कप. लेकीला स्वच्छतेचं कारण देऊ नका, मुलांना कळतं की ज्या हातांनी आपली ताटं घासली जातात त्याच हातांचा कप वेगळा ठेवायला स्वच्छता हे कारण होऊ शकत नाही. तिला सरळ सांगा की आधीपासून असं चालत आलंय, मला त्याचं बरोबर कारण सांगता येत नाही, म्हणून आपण ते बंद करतोय. आणि मग करा. सहा-आठ सारखे कप आणा, जुने काढून टाका, सकाळचा चहा सगळ्यांना त्यातच ओता. भाषण नको, सासूबाईंना टोमणा नको, मावशींना मध्ये उभं करून बघा आम्ही किती चांगले असं तर अजिबात नको. मावशी कदाचित म्हणतील मला माझाच कप बरा, ऐका त्यांचं, कित्येक वर्षांनी अचानक कोणी टेबलावर बसवलं तर अवघडल्यासारखं होतं माणसाला. पण निवड त्यांची असू दे. सासूबाई पहिले काही दिवस स्वतःचा कप वेगळा ठेवतील, शक्य आहे. ठेवू देत, तुम्ही कोणाचाच वेगळा ठेवू नका, एवढं तुमच्या हातात आहे.

हे सगळं शांत झालं की एक दुपार सासूबाईंजवळ फोन घेऊन बसा आणि म्हणा, आई, पोथी बाजूला ठेवून तुमच्या आईने सांगितली तशी कहाणी सांगा ना, मी रेकॉर्ड करते. मला खात्री आहे की त्यात पोथीत नसलेलं काहीतरी निघेल, एखादा दागिना, एखादं वाक्य, नाहीतर त्यांच्याकडच्या कोणाची तरी खरीच पंगतीतली हकीकत. मध्ये टोकू नका, तुमचं व्हर्जन तर मुळीच सांगू नका त्या दिवशी. त्यांचं माहेरचं गाव, सांगणारीचं नाव आणि साधारण कुठलं साल तेवढं सुरुवातीला त्यांच्याच आवाजात बोलून घ्या, आणि फाइल लेकीच्या नावाने सेव्ह करा.